इंग्रजी उताऱ्याचे आकलन : धाराशिव जिल्ह्यातील उच्च माध्यमिक वर्गांच्या संदर्भात

इंग्रजी उतारा मोठ्याने वाचता येणे, त्यावरील प्रश्नांची उत्तरे लिहिता येणे आणि त्या उताऱ्याचा अर्थ कळणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. व्यवहारात मात्र त्या एकच समजल्या जातात. अकरावी-बारावीच्या वर्गात बसलेला कळंब, भूम किंवा लोहारा तालुक्यातील विद्यार्थी पहिली गोष्ट बऱ्यापैकी करतो. दुसरी गोष्ट सरावाने साध्य करून परीक्षेतही उत्तीर्ण होतो. आणि तरीही तिसरी गोष्ट त्याच्या हाती लागलेली नसते, असे घडू शकते. हे कसे घडते आणि त्यावर कोणत्या प्रकारचा सराव उपयोगी पडेल, याचा भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम प्रश्नाची पार्श्वभूमी पाहू. हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. राज्यकारभाराची आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा तेथे उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि इंग्रजी हा तेथे एक आवश्यक विषय म्हणून शिकविला जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. म्हणजे मराठी माध्यमाच्या माध्यमिक शिक्षणाची येथील परंपरा पुणे-साताऱ्याच्या मानाने बरीच अलीकडची आहे. जिल्ह्याचे पूर्वीचे उस्मानाबाद हे नाव बदलून धाराशिव असे झाले ते २०२३ साली. राज्यात इंग्रजी हा विषय पहिलीपासून सुरू झाला त्यास २००० साल उजाडावे लागले. आज बारावीत असलेल्या विद्यार्थ्याने तेव्हा अकरा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. यावरून इतके स्पष्ट व्हावे की, अडचणीचे मूळ केवळ वर्षांच्या संख्येत नाही.

ही अडचण अकरावीत एकाएकी उघडी पडते. विज्ञान शाखा घेतलेल्या मुलास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र ही मुख्यत्वे इंग्रजीतूनच अभ्यासावी लागतात. दहावीपर्यंत ज्याने विज्ञान मराठीत समजून घेतले, त्याच्यापुढे विषय आणि भाषा या दोन्ही नव्या गोष्टी एकदम उभ्या राहतात. कला शाखेच्या विद्यार्थ्यास तेवढा धक्का बसत नाही. परंतु इंग्रजी हा आवश्यक विषय त्यासही असतो. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने उच्च शिक्षणात इंग्रजीला ‘ग्रंथालयाची भाषा’ मानले होते. ग्रंथालयात कोणी भाषण करीत नाही, तेथे वाचावे लागते. ज्यास अर्थासह वाचता येत नाही, त्यास ते ग्रंथालय उघडे असूनही बंदच राहते.

आकलनाच्या अभावी उत्तरे कशी लिहिता येतात, याचा उलगडा एका लहानशा प्रयोगाने होतो. पुढील वाक्य पाहा : ‘झिपळ्याने सकाळी दोन लुंबे खरपले.’ या वाक्यातील निम्म्याहून अधिक शब्द मराठीत नाहीतच. तथापि ‘लुंबे कोणी खरपले?’, ‘किती लुंबे खरपले?’, ‘केव्हा खरपले?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कोणताही मराठी वाचक बिनचूक देईल. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधावयाचा, त्याच्या शेजारचा शब्द उचलावयाचा आणि उत्तर म्हणून लिहावयाचा, ही ती रीत. बारावीच्या इंग्रजीच्या लेखी परीक्षेचे ऐंशी गुण आहेत, आणि कृतिपत्रिकेतील उताऱ्यावर साध्या माहितीपासून अनुमान व वैयक्तिक प्रतिसाद यांपर्यंत चढत्या क्रमाच्या कृती असतात. हा क्रम योग्यच आहे. पण आरंभीच्या पायऱ्या शब्द जुळवून चढता येतात, व्याकरणाची कृती स्वतंत्रपणे पाठ करता येते आणि वैयक्तिक प्रतिसादाची साचेबंद उत्तरे गाईडमध्ये मिळतात. अनुमानाची पायरी तेवढी उरते, आणि खरी कसोटी तीच असते.

वाचनाच्या अभ्यासकांनी या भेदाचे सूत्ररूप विवेचन केले आहे. गफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ साली असे मांडले की, आकलनयुक्त वाचन हा लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्यात मर्म आहे : दोहोंपैकी एक घटक शून्य असेल, तर दुसरा कितीही मोठा असला तरी फळ शून्यच. उच्चार सुधारण्यावर कितीही वेळ खर्च केला तरी वाक्याची घडण ज्यास उमगत नाही त्याचे वाचन फलद्रूप होत नाही, ते यामुळेच.

आता वाक्याच्या घडणीकडे वळू. कारण प्रस्तुत विवेचनाचा गाभा तेथेच आहे. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि नामाची विशेषणे, मग ती कितीही लांब असोत, नामाच्या आधी येतात. उमरगा तालुक्याच्या सीमेवरील घरांत बोलली जाणारी कन्नड, तांड्यांवरील गोरबोली किंवा मुसलमान कुटुंबांतील दखनी यांची रचनाही या बाबतीत तशीच आहे. अर्थात् विद्यार्थ्याची घरची बोली कोणतीही असो, ‘नाम आले की त्याचे वर्णन संपले’ ही अपेक्षा त्याच्या कानात मुरलेली असते. इंग्रजीत लांब वर्णनाच्या बाबतीत परिस्थिती बहुधा उलट असते : तेथे नाम आल्यावर असे वर्णन सुरू होते.

पुढील इंग्रजी वाक्य उदाहरणादाखल घेऊ : ‘द टँक बिल्ट बाय द व्हिलेजर्स ड्राइड अप बिफोर द रेन्स केम.’ यातील एकही शब्द अकरावीच्या विद्यार्थ्यास अवघड नाही. मराठीत याचा अर्थ ‘गावकऱ्यांनी बांधलेले तळे पाऊस येण्यापूर्वी आटले’ असा होतो. परंतु शब्दामागून शब्द वाचणारा विद्यार्थी ‘टँक’ला कर्ता मानतो, त्यापाठोपाठ ‘बिल्ट’ दिसताच त्यास क्रियापद समजतो आणि ‘तळे गावकऱ्यांनी बांधले’ येथे वाक्य मनातल्या मनात संपवितो. पुढचे ‘ड्राइड अप’ मग निराधार होते. ‘आटले, पाऊस आला’ असे काहीतरी जोडून तो पुढे सरकतो. मराठीने ‘बांधले’ आणि ‘बांधलेले’ असा स्पष्ट रूपभेद ठेवला आहे. इंग्रजी ‘बिल्ट’मध्ये तो नाही. ‘टॉट’, ‘सेंट’, ‘मेड’, ‘कॉल्ड’ अशी कितीतरी रूपे भूतकाळ आणि कृदन्त या दोन्ही कामी येतात, आणि पाठ्यपुस्तकांतील गद्यात ती पदोपदी भेटतात.

येथे मराठीतीलच एक रचना शिक्षकाच्या साहाय्यास येते, ती म्हणजे ‘जो–तो’ची. ‘ते तळे, जे गावकऱ्यांनी बांधले होते, ते आटले’ हे वाक्य मराठीत थोडे अवघडलेले वाटले तरी त्याचा क्रम इंग्रजी वाक्याच्या क्रमाशी मिळताजुळता आहे. इंग्रजी वाक्यावरून प्रथम ‘जो–तो’ची रचना आणि तिच्यावरून ‘बांधलेले तळे’ ही स्वाभाविक मराठी, अशा दोन पावलांनी गेल्यास वाक्याचा सांधा विद्यार्थ्याच्या नजरेस येतो. एकदम दुसऱ्या पावलावर उडी मारावयास सांगितल्याने तो अंदाज बांधू लागतो.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘वाघाने शिकाऱ्याला मारले’ आणि ‘शिकाऱ्याला वाघाने मारले’ यांत कोणी कोणास मारले याविषयी मराठी वाचकास संशय येत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कर्ता-कर्म दाखवितात. इंग्रजीत ते काम शब्दाच्या स्थानाकडे आहे. स्थानाकडे लक्ष देण्याची सवय मराठी भाषकास मुद्दाम लावून घ्यावी लागते.

तिसरी अडचण सर्वनामांची आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग आहे. विहीर ‘ती’, तळे ‘ते’ आणि आड ‘तो’. एकाच परिच्छेदात तिन्हींचा उल्लेख असला तरी सर्वनामावरूनच संदर्भ कळतो. इंग्रजीत या तिन्हींना एकच ‘इट’. ‘गावात एक विहीर आणि एक तळे होते, मार्चमध्ये ते आटल्यावर लोक तिच्यावर पाणी भरू लागले’ हे मराठीत निःसंदिग्ध आहे, इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘इट’ आले तर अर्थ पुढच्यामागच्या वाक्यांवरून शोधावा लागतो. म्हणून उताऱ्यातील प्रत्येक ‘इट’, ‘दे’, ‘दिस’ व ‘विच’ यांच्यापासून मूळ नामापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढण्याचा सराव साधा असला तरी फार मोलाचा आहे.

चौथी अडचण दडलेल्या नकाराची. ‘द बंडल वॉज टू हेवी फॉर द बॉय टू लिफ्ट’ या वाक्यात ‘नॉट’ कोठेही नाही. परंतु अर्थ ‘गाठोडे इतके जड होते की मुलाला ते उचलता येईना’ असा आहे. ‘द क्रॉप विल डाय अनलेस इट रेन्स’ यातील ‘अनलेस’ला केवळ ‘जर’ समजणारा विद्यार्थी ‘पाऊस पडला तर पीक जळेल’ असा अर्थ लावील. पावसाची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यातील मुलास हा अर्थ विपरीत वाटावयास हवा. पण इंग्रजी वाक्य अनुभवाशी ताडून पाहण्याची सवयच नसल्याने तो खटकत नाही. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचा भेदही असाच आहे. ‘फ्यू फार्मर्स सोल्ड देअर बुलक्स’ म्हणजे बैल विकणारे शेतकरी जवळजवळ नव्हतेच. आधी ‘अ’ लागला की ‘काहींनी विकले’. मराठीत उपपदे नसल्यामुळे त्या एकाक्षरी शब्दावरून नजर घसरून जाते.

शब्दसंग्रहाचा प्रश्न याच्या जोडीने येतो. हू आणि नेशन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासातून असा निष्कर्ष निघाला की, साहाय्याविना आकलन व्हावयाचे तर मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकास परिचित असावे लागतात. नेशन यांनी २००६ साली दाखविले की, सर्वसाधारण इंग्रजी पुस्तके व वृत्तपत्रे या प्रमाणात समजण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. येथे मूळ शब्द व त्यापासून झालेली रूपे मिळून एक शब्दकुल धरले आहे. हे आकडे निराश करण्यासाठी नाहीत. सरावाचा उतारा निवडण्यासाठी ते उपयोगी आहेत. २५० शब्दांच्या उताऱ्यात पाच अनोळखी शब्द असतील तर विद्यार्थी ९८ टक्क्यांच्या रेषेवर आहे. बारा-तेरा असतील तर तो ९५ टक्क्यांवर आला, आणि पंचवीस असतील तर ते वाचन न राहता कोडे सोडविणे झाले. अकरावीच्या आरंभी अनेकांसाठी सातवी-आठवीची इंग्रजी पुस्तके हेच योग्य वाचनसाहित्य ठरेल. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळत असल्याने खर्चाची अडचण येत नाही. अडचण असलीच तर ती खालच्या इयत्तेचे पुस्तक हाती धरण्याच्या संकोचाची असते.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द ही विद्यार्थ्याची आयती शिदोरी आहे. मात्र ती जपून वापरावयास हवी. ‘लाइट गेली’ म्हणणाऱ्यास ‘लाइट’चा ‘हलका’ हा अर्थ सुचत नाही; ‘ग्लास’ म्हणजे त्याच्या लेखी पेला, काच नव्हे; ‘पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षा, कागद नव्हे. मराठीत येताना या शब्दांचा अर्थ आकुंचित झाला आहे, याची जाणीव दिली म्हणजे पुरे.

सरावाच्या उताऱ्याचा विषय कोणता असावा? स्टेफन्सन, जोग-देव आणि अँडरसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय व अमेरिकन वाचकांना दोन पत्रे वाचावयास दिली होती; एक भारतीय लग्नाचे, दुसरे अमेरिकन लग्नाचे. आपल्या संस्कृतीतील लग्नाचे पत्र वाचकांनी अधिक जलद वाचले आणि त्यातील अधिक तपशील त्यांच्या ध्यानात राहिला. भाषा सारखीच असता परिचित विषय आकलनास हातभार लावतो, हे यावरून दिसते. धाराशिव जिल्ह्यात अशा विषयांना तोटा नाही : नळदुर्गचा किल्ला, तुळजापूरची यात्रा, धाराशिवची लेणी आणि तेरणेकाठचे तेर.

तेरचेच उदाहरण घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक लेखकाच्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘टगारा’ या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. ते नगर म्हणजे आजचे तेर, असे विद्वान मानतात. तेथील कापड गाड्यांतून भडोचला, म्हणजे ‘बॅरिगाझा’ बंदरास जाई. यावर वर्गासाठी एक वाक्य रचता येईल : ‘द क्लॉथ ब्रॉट फ्रॉम टगारा रीच्ड बॅरिगाझा बाय वॅगन.’ त्यावर तीन प्रश्न विचारावेत. पहिला : कापड कोठून आणले? याचे उत्तर शब्द जुळवूनही देता येते. दुसरा : बॅरिगाझाला पोचले ते काय? येथे ‘रीच्ड’ हे मुख्य क्रियापद आणि ‘क्लॉथ’ हा त्याचा कर्ता ओळखावा लागतो. तिसरा : हे कापड टगाऱ्यातच विणले गेले, असे वाक्यात सांगितले आहे काय? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. वाक्य त्याविषयी मौन पाळते.

हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. परिचित विषयाचा लाभ आहे तसा धोकाही आहे : विद्यार्थी उतारा न वाचता आधीच्या माहितीवरून उत्तर देतो. तेरच्या मुलास तेरविषयी पुष्कळ माहीत असते. म्हणून ‘हे उताऱ्यात आहे’, ‘हे उताऱ्यावरून निघते’ आणि ‘हे उताऱ्यात नाही’ अशा तीन रकान्यांत विधाने बसविण्याचा सराव परिचित विषयाच्या जोडीने अवश्य घ्यावा. अनुमान म्हणजे तर्कटपणा नव्हे, हे त्यातूनच समजते.

या सर्व विवेचनावरून आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या तासाची पुढीलप्रमाणे आखणी करता येईल. उतारा दीडशे ते अडीचशे शब्दांचा असावा आणि तो चार वेळा वाचला जावा. पहिले वाचन मूक. त्यानंतर उतारा कशाविषयी आहे एवढेच मराठीत एका वाक्यात लिहावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्याचे मुख्य क्रियापद अधोरेखित करावे, त्याचा कर्ता शोधावा आणि मध्ये येणारे वर्णन कंसात टाकावे. तिसऱ्या वाचनात सर्वनामांच्या रेघा ओढाव्यात आणि ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’ यांसारख्या उभयान्वयी शब्दांभोवती वर्तुळे करावीत. चौथ्या वाचनानंतर विद्यार्थ्यांनी दोघादोघांच्या जोड्यांनी प्रश्न तयार करावेत; अट अशी की, किमान एका प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातील एकही वाक्य जसेच्या तसे उतरून देता येऊ नये. हा प्रश्न तयार करताना विद्यार्थ्यास जे वाचावे लागते तेच खरे वाचन. मोठ्या वर्गातही हे करता येते, कारण त्यास फळा, पेन्सिल आणि उताऱ्याची प्रत यांपलीकडे साहित्य लागत नाही.

मराठीच्या उपयोगाविषयी येथे खुलासा करणे इष्ट होईल. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे म्हणजे इंग्रजीचे नुकसान, असा समज प्रचलित आहे. शब्दास शब्द ठेवून केलेल्या भाषांतराविषयी तो खरा आहे, कारण अशा भाषांतरात वाक्याचा सांधा निखळतो. परंतु वाक्य पूर्ण समजल्यावर त्याचा आशय मराठीत सांगणे ही आकलनाची विश्वसनीय कसोटी आहे. इंग्रजी उत्तर उताऱ्यातून उचलता येते. मराठी आशय उचलता येत नाही, तो समजूनच सांगावा लागतो. दुसरे असे की, मराठी परिच्छेदाचा मध्यवर्ती विचार ज्यास काढता येत नाही त्यास तो इंग्रजीत काढता येईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. इंग्रजीच्या व मराठीच्या शिक्षकांनी एकाच आठवड्यात एकाच प्रकारचा सराव दोन्ही भाषांत घेतला, तर दोन्ही विषयांना त्याचा लाभ होईल.

शेवटी या श्रमाचे प्रयोजन. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यास काम करीत असताना त्यांनी बंगालमधील द्वैभाषिकतेवरील आपल्या १९२६ सालच्या ग्रंथात विम्याची उपमा योजली होती. मुदतीपूर्वी बंद केलेल्या विम्याचीही काही परतावा-किंमत असते; त्याप्रमाणे मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या पदरी शिक्षणाचे काहीतरी मूल्य पडले पाहिजे, आणि परभाषेच्या बाबतीत ते मूल्य वाचनक्षमतेचेच असू शकते, असा त्यांचा आशय होता. शंभर वर्षांनंतरही हा विचार शिळा झालेला नाही. बारावीनंतर कोणी कृषी महाविद्यालयात जाईल, कोणी परिचर्येचा अभ्यासक्रम घेईल, कोणी घरच्या शेतीकडे वळेल. पाठ केलेली उत्तरे परीक्षेच्या दिवशीच संपतात. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, यंत्राची माहितीपत्रिका, कर्जाच्या करारातील ‘अनलेस’ने सुरू होणारे कलम, हे मात्र प्रत्येकापुढे कधी ना कधी येणार, आणि तेव्हा शेजारी गाईड नसेल. त्या कलमातील क्रियापद आणि त्याचा कर्ता ज्यास शोधता येतो, त्याच्या इंग्रजीच्या बारा वर्षांचे मूल्य त्याच्या पदरात पडले असे म्हणता येईल.